कुळथाचा दोरा

१

फळीवरच्या दुसऱ्या बाटलीच्या बुचाभोवती अकरा मुंग्या होत्या. पहिल्या बाटलीवर एकही नव्हती, तिसरीवरही नव्हती. बुधवारी सकाळी साडेसातला मी त्या मोजल्या, वहीच्या समासात आकडा लिहिला आणि विसरून गेले. कारण त्यानंतर मी उबपेटी उघडली.

पेटीत चार चंबू होते. सोमवारी दुपारी मीच भरून ठेवलेले. चाळीस तास झाले होते. काचेची कांडी चंबूत बुडवून वर उचलली की टोकाशी एक दोरा यायला हवा होता. कोळ्याच्या तंतूसारखा, हातभर ताणला तरी न तुटणारा. पहिल्या चंबूतून कांडी वर आली आणि तिच्यावरून पाणी ठिबकलं. दुसऱ्यातूनही तसंच. तिसऱ्या-चौथ्याला मी कांडी लावली ती नुसती लावायची म्हणून.

आठ महिन्यांत असं एकदाही झालं नव्हतं. आणि गुरुवारी सकाळच्या बोटीने मुंबईचे प्रोफेसर हाच दोरा पाहायला रत्नागिरीला उतरणार होते.

आमची प्रयोगशाळा म्हणजे आप्पा टेंब्यांच्या घरामागचा मांगर, पेंढा-अवजारं ठेवायचं कोठार. आप्पा तीस वर्षं देशावर एका साखर कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते. निवृत्त होऊन गावी आले आणि अर्ध्या मांगरात त्यांनी टेबलं, काच आणि उबपेटी मांडली. उरलेल्या अर्ध्यात आंब्यांची अढी असे. वैशाखात मांगरातल्या कुठल्याच वस्तूला स्वतःचा वास राहत नसे. सगळ्याला पेंढ्याचा आणि पिकत्या आंब्याचा.

दोरा मूळचा गावात कुळीथ विकणाऱ्या चिमाच्या घरचा. तिची आई हद्दपार झालेल्या ब्रह्मदेशच्या राजाबरोबर दासी म्हणून इथे आली आणि इथलीच झाली. ती शिजवलेले कुळीथ पेंढ्यात आणि पानात बांधून उबेला ठेवी. दोन दिवसांनी दाण्यांना तार सुटे. चिमा आजही करते. मी तेव्हा मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. आप्पांनी त्यातला चमचाभर चिकटा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “सावित्री, तू बी.एस्सी. झालीस ना? मग सांग, हा कोण विणतो, आणि कशाचा विणतो?”

कोण, ते महिन्याभरात कळलं. पेंढ्यात राहणारा एक काडीसारखा जंतू. कशाचा, हे कळायला पाच महिने लागले. साखर कारखान्यातल्या नळ्यांत असाच चिकटा धरतो आणि तो साखरेचा असतो, म्हणून हाही साखरेचाच असणार असं सगळे धरून चालले होते. मी दोरा धुऊन, गाळून आम्लात उकळला. साखर निघाली नाही. पांढरे स्फटिक निघाले, एकाच प्रकारचे: ग्लुटामिक आम्ल, गव्हाच्या चिकात असतं ते अमिनो आम्ल. जंतू त्याचे मणी एकामागून एक ओवून हजारोंची माळ करत होता.

आप्पांनी माझी वही पंधरा दिवस ठेवून घेतली आणि परत देताना म्हणाले, “बघू.”

फेब्रुवारीपासून ते “बघू”च म्हणत होते. परदेशात एका रोगजंतूच्या वेष्टनात असाच पदार्थ सापडल्याचं प्रोफेसरांनी वाचलं होतं. तुमचा निष्कर्ष काय, आणि बंगळूरच्या संस्थेत दोन वर्षांसाठी कोणाला पाठवता, असं त्यांनी दोनदा लिहून विचारलं होतं. जागा एकच होती. शिकलेली माणसं दोन होती.

मी चंबूतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जंतू बदललेला असेल तर चोरी. मेलेला असेल तर घात.

तो माझाच जंतू होता. जिवंत होता, भरपूर वाढला होता. फक्त विणत नव्हता.

२

रघुनाथ लिमये एम.एस्सी. होऊन सहा महिन्यांपूर्वी आप्पांकडे आला. खिडकीजवळची खुर्ची आधी माझी होती. ती आप्पांनी त्याला दिली, कारण त्याला जवळचं कमी दिसतं. त्याच्या नावाचे कागद आप्पा यंत्रावर टंकून घेत. माझे मी हाताने लिहीत असे. हे सगळं मी मोजत होते. मुंग्या मोजते तसंच. म्हणून आधीच सांगते: त्या सकाळी मला रघुनाथ चोर असायला हवा होता.

तो आला तो आंबा चोखतच.

“काय सावित्रीबाई, चेहरा का असा? दोरा तुटला?”

“आलाच नाही.”

त्याने रुमालाने हात पुसले. कांडी घेतली, चारही चंबूंत बुडवून पाहिली. हसेल असं वाटलं होतं, हसला नाही.

“उद्या तो माणूस येणार,” तो म्हणाला, “आणि आपण त्याला गढूळ पाणी दाखवणार!”

“आपण नाही. मी. तुम्हाला त्याचं काय? बंगळूरचं तिकीट काढा.”

“अस्सं. म्हणजे मी केलं म्हणता?”

“तुम्ही मांगरात होतात.”

“होतो की. सोमवारी सकाळी होतो, मग दोन दिवस इथे पाऊलही टाकलं नाही. गोदूबाईंना विचारा, पडवीत बसून पेपर लिहीत होतो. तुमच्या पेटीचं दार मी उघडलंय का, तेही बघा. कागद लावलाय ना तुम्हीच?” तो माझ्याजवळ येऊन आवाज खाली आणून म्हणाला, “खरं सांगू? तुमच्या त्या आम्लावर माझा काडीचा विश्वास नाही. गव्हाचं सत्त्व तुम्हीच जंतूला घालता आणि मग तेच चिकट्यात सापडलं म्हणून नाचता. पन्नासदा सांगितलं, त्याला गूळ द्या. कणगीभर दोरा विणेल.”

“गूळ दिला होता. पान एकसष्ट. जंतू वाढला, दोरा आला नाही.”

“तुमचं मोजमाप चुकलं असेल.”

“माझं?”

“असू दे हो.” तो दारातून वळला. “तुमचा हेवा वाटतो मला, हे मात्र खरं. आप्पा तुमच्या वह्या उशाशी घेऊन झोपतात. माझ्या अजून बांधलेल्या दोरीतच आहेत.”

हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं उलट आहे.

उबपेटीच्या दाराला एक कागद टाचलेला असे. पेटी रॉकेलच्या दिव्यावर तापे, म्हणून जो दार उघडील त्याने वेळ, उष्णता आणि सही लिहायची असा माझा नियम होता. रघुनाथची सही कागदावर नव्हती. सोमवारी दुपारी माझी एक. त्यानंतर मंगळवारी दिवसभर, दर दोन तासांनी, तिरप्या बारीक अक्षरात एकच सही होती. आठ महिन्यांत ती या कागदावर एकदाही उमटलेली नव्हती.

आप्पांची.

३

आप्पा झोपाळ्यावर बसले होते. पानाचा डबा पुढे होता, पण पान लावलेलं नव्हतं.

“आप्पा, दोरा आला नाही.”

“हं.”

“तुम्ही काल नऊदा पेटी उघडलीत. काही वेगळं दिसलं?”

“दिव्याची वात वरखाली होत होती. म्हटलं, तुझं काम बिघडायला नको.” ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, “बघू आता. प्रोफेसरांना सांगू, पावसाळ्यानंतर या.”

“पावसाळ्यानंतर बंगळूरची जागा उरणार नाही.”

“बघू,” आप्पा म्हणाले.

स्वयंपाकघरात त्यांची धाकटी बहीण गोदूबाई नारळ खवत होती. लहानपणी विधवा झाल्यापासून हे घर तिच्या हातात होतं. आप्पांना मधुमेह होता, आणि त्यांच्या तोंडावर तिचा पहारा असे.

“ये गो. तुझं काय हरवलं म्हणे?”

“दोरा.”

“आणि माझा गूळ! सोमवारी सकाळी कोल्हापुरी गूळ फोडून बरणीत भरला होता. जेवणं आटपून बघते तर वरचा थर गायब. चांगला पावशेर. आधी त्या लिमयांच्या पोरावर संशय, मेला शेंगदाण्याबरोबर खडेच्या खडे तोंडात टाकतो. पण चमचा सापडला आप्पाच्या सदऱ्याच्या खिशात. चिकट!”

“मग?”

“मग काय, ओरडले. साठीला आलास, डॉक्टर बोंबलून सांगतो, तरी गूळ चोरतोस? तर मान खाली घालून म्हणतो कसा, ‘हो गोदू, खाल्ला.’ अगो, आजवर इतक्यांदा पकडला, कधी कबूल झाला नव्हता. म्हटलं, म्हातारा झाला हो माझा भाऊ.” तिने पदराने डोळे टिपले आणि पुन्हा खवणीवर वाकली.

तेवढ्यात मागच्या दाराशी चिमा आली. तिच्या टोपलीत पानात बांधलेल्या कुळथाच्या पुड्या होत्या. मी तिला मांगरात नेलं. चोरीचा संशय तिच्यावरही घेता आला असता. आपल्या आयशीची चीज आम्ही बाटलीत कोंडली आणि तिचं नाव कुठेच लिहिलं नाही, हा राग ती लपवत नसे.

“माझ्यावर संशय घेताव काय बाईनू?” ती म्हणाली. “मला नासवायचं असतं तर चुलीत घातलं असतं. घरची वस्तू हाय, मी कशाला चोरू?”

“नाही गं. फक्त बघ.”

तिने चंबू नाकाशी नेला, हलवला, उजेडात धरला.

“जीव हाय.”

“आहे.”

“मग जेवण चुकलं. आमची आय म्हणायची, कुळीथ जुने निघाले की वास येतो, बुळबुळ येते, पण तार नाय. पोटाला मिळतंय, पण इणायला कायच नाय. कुणी मारलान नाय ह्येंना. भलतंच खाऊ घातलान.”

ती गेली. मी फळीपुढे उभी राहिले.

पहिल्या बाटलीत क्षार. तिसरीत ग्लिसरिन. दुसरीत गव्हाच्या चिकापासून मी काढलेलं तपकिरी सत्त्व, ज्यात ते अमिनो आम्ल असतं. खारट, आंबूस. आठ महिने ती बाटली तिथे होती आणि एकाही मुंगीने तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

आता अकराच्या तेवीस झाल्या होत्या.

मी बूच काढलं, थेंबभर द्रव नळीत घेतला, त्यात साखर ओळखायचं निळं द्रावण घातलं आणि नळी दिव्यावर धरली. निळा रंग आधी हिरवा झाला. मग पिवळा. मग विटेसारखा लाल.

४

दुसऱ्या बाटलीतलं सत्त्व कोणीतरी काढून घेतलं होतं आणि तिथे त्याच रंगाचं गुळाचं पाणी भरलं होतं. रविवारी मी तीच बाटली वापरली तेव्हा ती ठीक होती. सोमवारी दुपारी चंबू भरताना आंब्यांच्या वासात मला काही कळलं नाही.

कोणी? मी स्टुलावर बसले आणि रघुनाथला चोर ठरवण्याचा शेवटचा प्रामाणिक प्रयत्न केला. जागा त्याला हवी होती. सोमवारी सकाळी तो मांगरात होता. गूळ त्याला आवडत होता. एवढं पुरेसं आहे, असं कोणी म्हटलं असतं तर मी त्या दिवशी मान हलवली असती.

पण गूळच अडत होता. रघुनाथच्या मते गुळाने दोरा वाढतो. माझा प्रयोग बिघडवण्यासाठी तो काहीही घालील, फिनेल घालील, मीठ घालील. गूळ घालणार नाही. तो त्याच्या लेखी घात नव्हे, मदत. बरं, मला खोटं पाडायला त्याने गुपचूप गूळ घातला असता, तर आपला विजय पाहायला तो दोन दिवस पेटीपुढे ठाण मांडून बसला असता. त्याने दारही उघडलं नव्हतं. आणि आज सकाळी कांडीवरून पाणी ठिबकलं तेव्हा तो हसला नव्हता.

गूळ घालणाऱ्याला तीन गोष्टी ठाऊक होत्या. गुळावर जंतू जगेल. गुळावर दोरा येणार नाही. आणि जंतू मरता कामा नये, कारण तो पुढे लागणार आहे. हे तिन्ही माझ्या वहीच्या एकसष्टाव्या पानावर होतं. म्हणजे ज्याने माझं काम बिघडवलं, त्याचा माझ्या कामावर पूर्ण विश्वास होता. असं घरात कोणी आहे हे मला आठ महिन्यांत माहीत नव्हतं.

लाकडी घोडीवर आणखी दोन नळ्या होत्या. रोज सकाळी मी आप्पांची लघवी त्याच निळ्या द्रावणाने तपासत असे. डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि आप्पांना ते माझ्याशिवाय कोणाकडून चालत नसे. मंगळवारची नळी आणि बुधवारची नळी. दोन्ही निळ्या. पावशेर गूळ खाल्लेल्या मधुमेही माणसाच्या नळ्या आकाशासारख्या स्वच्छ निळ्या.

ऊन उतरल्यावर आप्पा मांगरात आले. मी तिन्ही नळ्या टेबलावर ओळीने ठेवल्या होत्या. निळी, निळी, लाल.

“आप्पा, तुम्ही गूळ खाल्ला नाहीत.”

“गोदूला सांगितलं ना, खाल्ला म्हणून.”

“तिला सांगितलंत. माझ्या नळीला कसं सांगणार?”

त्यांनी लाल नळी उचलून उजेडात धरली, परत ठेवली. मग खिडकीजवळच्या खुर्चीत बसले.

“रघूवर येईल असं वाटलं होतं मला,” ते म्हणाले. “तू त्याच्यावर ढकलशील, आणि मी मध्ये पडून मिटवीन.”

“ढकलायचंच होतं. गूळ आडवा आला.”

“हं.” त्यांनी चष्मा काढला. “तीस वर्षं मी त्या नळ्यांतला चिकटा घासला, सावित्री. तीस वर्षं. हा कशाचा आहे, हे एकदाही विचारलं नाही मी, कारण साहेबाच्या पुस्तकात लिहिलेलं होतं. आणि तू, शाळेतल्या पोरींना गंजाचे धडे देणारी, आठ महिन्यांत विचारतेस! पान एकसष्ट वाचलं त्या दिवशी जेवण गेलं नाही मला. शोध लागला म्हणून नव्हे. तो माझ्या मांगरात लागला आणि मला लागला नाही म्हणून.”

“म्हणून प्रयोग मोडलात?”

“मोडला नाही गं!” ते एकदम उठले. आपल्या टेबलाखालचं कपाट त्यांनी उघडलं आणि आतून काचेची बरणी काढली. तपकिरी सत्त्व काठोकाठ होतं, वर तेलकागद बांधलेला. “ओतून टाकवेना. मला एक पावसाळा हवा होता, एवढंच. प्रोफेसर रिकाम्या हाताने गेला असता, तू शाळेत गेली असतीस, आणि मी पहिल्यापासून सगळं केलं असतं. माझ्या हाताने.”

“आणि माझं नाव?”

आप्पांनी बरणी माझ्यापुढे सरकवली.

“उद्या प्रोफेसरांना काय सांगणार आहात?” मी विचारलं.

ते दारापर्यंत गेले, उंबऱ्याशी थांबले. मी जाणून होते की आता कोणता शब्द येणार.

“बघू,” आप्पा म्हणाले.

५

मी बरणीचा तेलकागद सोडला. चारपैकी दोन चंबूंत खरं सत्त्व मोजून घातलं. उरलेल्या दोहोंत तेवढंच उकळलेलं पाणी. जंतू तोच, क्षार तेच, गूळही तोच. फरक फक्त मण्यांचा. दिव्याची वात सारखी केली, कागदावर सही केली आणि घरी गेले.

गुरुवारी साडेनऊला प्रोफेसर आले. किडकिडीत, उन्हाने लाल झालेले. बोट लागली होती म्हणून गोदूबाईचं कोकम सरबत त्यांनी उभ्यानेच प्यायलं. आप्पा, रघुनाथ आणि मी टेबलाभोवती उभे होतो. आप्पांनी धुतलेला सदरा घातला होता.

मी पेटी उघडली. पहिल्या चंबूत कांडी बुडवली. पाणी ठिबकलं. दुसऱ्यात बुडवली. पाणी. रघुनाथने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर खाली केली.

तिसऱ्यातून कांडी उचलली आणि तिच्यामागून दोरा आला. मी हात उंच केला. तो खिडकीच्या उजेडात चकाकला, बारीक झाला, तुटला नाही. चौथ्यातूनही आला.

“वा,” प्रोफेसर म्हणाले. “जंतू एकच?”

“एकच. चारही चंबूंत क्षार आणि गूळ आहे,” मी म्हणाले. “या दोहोंत काल संध्याकाळी अमिनो आम्लांचं सत्त्व घातलं. त्या दोहोंत पाणी.”

“म्हणजे गूळ खाऊन नुसता जगतो आणि आम्लाचे मणी मिळाले की माळ ओवतो. चारही चंबू आधी गुळावर उपाशी ठेवायचे आणि मग अर्ध्यांनाच मणी द्यायचे!” ते खाली वाकून काचेतून पाहत होते. “मी हीच शंका काढणार होतो, आणि तिचं उत्तर इथे आधीच मांडून ठेवलंय. फार सुंदर योजना. ही कोणाची?”

मी बोलू शकत होते. पण जे सांगायचं ते माझ्या वहीत होतं, आणि जे वहीत नव्हतं ते सांगायचा हक्क एकट्या आप्पांचा होता.

“आप्पांचीच,” रघुनाथ म्हणाला. तो मनापासून बोलत होता. त्याला खरंच तसं वाटत होतं. “त्यांनीच मंगळवारी दिवसभर पेटी सांभाळली. कागदावर सह्या आहेत त्यांच्या.”

प्रोफेसरांनी कागद पाहिला. नऊ सह्या. त्यांनी आप्पांपुढे हात केला.

“टेंबे, अभिनंदन. मग पेपर तुमच्या नावाने जाऊ दे. आता तरी सांगा, तुमचा निष्कर्ष काय आणि बंगळूरला कोण? दोन पत्रांना उत्तर नाही तुमचं.”

आप्पांनी तो हात पाहिला. घ्यावा असा होता तो हात. तीस वर्षांत त्यांच्यापुढे असा कोणी केला नसेल. पलीकडे अढीतून एक आंबा घसरून पेंढ्यात पडल्याचा आवाज आला. आप्पांचे ओठ हलले. मी ‘बघू’ची वाट पाहत होते.

त्यांनी हात मागे बांधले.

“दोरा साखरेचा नाही,” ते म्हणाले. “अमिनो आम्लाचा आहे. हे मला फेब्रुवारीपासून माहीत आहे, कारण मी हिच्या वहीत वाचलं. या चंबूंत गूळ मी घातला, चोरून, दोरा येऊ नये म्हणून. काल तिने पकडला मला. योजना वगैरे काही नाही. घाण मी केली आणि तिने त्यातून प्रयोग काढला.”

रघुनाथने खुर्चीची पाठ धरली. आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, प्रोफेसरांकडेही नाही. ते माझ्याकडे पाहत होते, आठ महिन्यांत पहिल्यांदा सरळ.

“पेपरवर नाव सावित्रीचं,” ते म्हणाले, “आणि बंगळूरला सावित्री जाईल.”